ओरिजिनल मॅग व्हील (अलॉय चाक) की डुप्लिकेट, नेमकं ओळखायचं कशावरून?

चौथा_गिअर

मंडळी, एक सेकंडहँड सेट बघतोय, चार चाकं, १५ इंची, विकणारा म्हणतो जपानच्या रेज कंपनीची व्होल्क रेसिंग टीई३७ आहेत आणि शंभर टक्के ओरिजिनल. फोटोत तरी खोट काढता येत नाही, सहा स्पोक, ब्राँझ रंग, स्पोकवर स्टिकर, सेंटर कॅप, मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल असं उठवलेलं सुद्धा आहे. पण भाव इतका कमी सांगतोय की त्यामुळेच मन धजत नाहीये. मला नुसती दिसायला नकोयत, गाडी हायवेला जोरात पळते, घरची माणसं बसलेली असतात. नेटवर बघायला गेलं तर जो तो स्टिकरचा फॉन्टच दाखवत बसलाय. फॉन्ट सोडून काय बघायचं ते कोणी नीट सांगा ना.

पाना_बारा

स्टिकर आणि सेंटर कॅप आधी डोक्यातून काढून टाक. दोन्ही सुटे मिळतात, अस्सल सुद्धा सुटे मिळतात, त्यामुळे नकली चाकावर खरी कॅप बसलेली असू शकते आणि खऱ्या चाकावरचा स्टिकर कधीच उडून गेलेला असू शकतो. त्याच्याकडून मागच्या बाजूचे फोटो मागव. चाक हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक आवळतात त्याला) टेकतं ती सपाट गोल जागा, तिच्या आसपासचे आकडे, स्पोकची पाठ आणि बॅरल, म्हणजे टायर बसतो तो नळकांड्यासारखा भाग, आतून. चारही चाकांचे वेगळे. शेजारी कागदावर आजची तारीख लिहून ठेवायला सांग, म्हणजे फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेत का तेही कळेल. नक्कल करणारा सगळी मेहनत पुढच्या बाजूवर घेतो, पाठीवर खर्च करायला त्याला परवडत नाही.

वळणवाट

मागे साईज काय लिहिलीय ते पण सांग. रुंदी, ऑफसेट (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी आतबाहेर), पीसीडी (नटांची भोकं किती आणि किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर) सगळं. मग कंपनीचा कॅटलॉग काढ आणि त्या मॉडेलमध्ये ती साईज कधी निघाली होती का ते बघ. जुने कॅटलॉग नेटवर सापडतात थोडं शोधलं की. नकली बनवणारे मागणी असेल त्या पीसीडीला भोकं पाडून देतात, त्यामुळे मूळ कंपनीने कधी काढलाच नाही असा जोड खूपदा दिसतो. ४x१०० आणि ४x११४.३ दोन्हीला बसावं म्हणून आठ भोकं पाडलेलं टीई३७ मी तरी कधी ओरिजिनल पाहिलेलं नाही. एवढ्या एका गोष्टीवरच बरेच सेट बाद होतात, त्याला हात लावायची पण गरज पडत नाही.

लोहारशाळा

थोडं मोठं लिहितो कारण हे धातूचं काम नीट कळलं की बाकीच्या खुणा आपोआप दिसायला लागतात.

टीई३७ हे घडीव म्हणजे फोर्ज्ड चाक. ॲल्युमिनियमचा भरीव ठोकळा तापवून हजारो टन ताकदीच्या प्रेसखाली दाबतात, मग मशीनवर कोरतात. दाबामुळे धातूचे कण आकाराच्या वळणाने लांबतात आणि आत हवेची पोकळी राहत नाही, म्हणून कमी धातूत तेवढीच ताकद मिळते. नकली चाकं जवळपास सगळी ओतीव असतात, वितळलेला धातू साच्यात ओतून केलेली. आता ओतीव म्हणजे वाईट असं अजिबात नाही हां, रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना कंपनीतून येणारी अलॉय व्हील्स ओतीवच असतात आणि चांगली टिकतात, कारण तिथे धातूचं मिश्रण, ओतायचा वेग, नंतरचं हीट ट्रीटमेंट (ताकदीसाठी ठरवून तापवणं-थंड करणं), एक्सरे तपासणी सगळं सांभाळलेलं असतं. घोटाळा कुठे होतो तर घडीव चाकाचे बारीक स्पोक ओतीव धातूत जसेच्या तसे काढायला गेलं की. मग एकतर धातू वाढवावा लागतो आणि चाक जड होतं, नाहीतर तसंच बारीक ठेवून ताकद गमवावी लागते. तिसरा मार्ग नाही.

आता पाठीवर काय दिसतं बघ. ओतीव चाकात स्पोकच्या मागचे खोलगट खळगे खरखरीत, किंचित दाणेदार असतात, रंगाखालूनही जाणवतं बोट फिरवलं की. साचा जिथे जुळतो तिथे एक बारीक उठलेली रेघ मिळते, कधी साच्यातून चाक ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे. आणि एक खूण जी कोणी सांगत नाही, ओतीव चाकांच्या पाठीला बरेचदा एक छोटं घड्याळासारखं चिन्ह असतं, कडेने महिन्यांचे आकडे आणि मध्ये बाण. चाक कधी ओतलं त्याची ती नोंद, साच्यातली छोटी गुंडी फिरवून करतात. खऱ्या ओतीव चाकावर ते असणं अगदी बरोबर आहे, पण फोर्ज्ड म्हणून विकायला काढलेल्या चाकावर ते घड्याळ दिसलं तर पुढे बोलायचंच नाही.

घडीव चाकावर याउलट मशीनच्या हत्याराच्या बारीक समांतर रेघा मिळतात, खाचांच्या कडा स्वच्छ असतात.

सायलेन्सर_नको

सोपा उपाय, लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर डुप्लिकेट.

लोहारशाळा

नाही हो, त्याने काहीच कळत नाही. नकली पण ॲल्युमिनियमचंच असतं, चुंबक दोन्हीला चिकटणार नाही. मॅग्नेशियमच्या रेसिंगच्या चाकाला पण नाही चिकटणार. चुंबकाने फार तर लोखंडी रिम वेगळी कळेल, ती तशीही डोळ्यांना दिसतेच. वाजवून आवाज ऐकायचा प्रकार पण सोडून द्या, टायर चढवलेला असला की सगळी चाकं सारखीच वाजतात.

चौथा_गिअर

लोहारशाळा, खूप आभार, हे असं कोणी समजावलं नव्हतं. मग ते जेडब्ल्यूएल लिहिलेलं असतं त्याला काहीच अर्थ नाही का? विकणारा सारखं तेच दाखवतोय, म्हणतो जपान सरकारचा शिक्का आहे.

नियमावली

सरकारचा शिक्का नाही तो. जेडब्ल्यूएल हे जपानचं हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठीचं तांत्रिक मानक आहे, नियम सरकारी, पण चाक त्यात बसतं हे चाक बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करतो आणि खूण उमटवतो. चाचण्या मुख्य तीन आहेत. चाक वाकवत वाकवत फिरवायचं, वळणावर जो ताण येतो तसा. दुसरी, टायरसकट ड्रमवर वजन देऊन फिरवायचं. तिसरी, चाक १३ अंशांत तिरपं धरून त्याच्या कडेवर वजन सोडायचं. ट्रक आणि बससाठी वेगळी खूण, जेडब्ल्यूएल-टी.

त्याच्या शेजारी गोलाकार व्हीआयए अशी खूण असेल तर ती जरा वजनदार, कारण तिथे चाचणी बाहेरच्या संस्थेच्या नोंदणीतून जाते. पण भाऊ, दोन्ही शेवटी साच्यात कोरलेली अक्षरं आहेत, जो माणूस दुसऱ्याचं नाव कोरू शकतो त्याला ही चार अक्षरं कोरायला किती वेळ लागणार. म्हणून खूण नसेल तर शंका घे, पण खूण आहे म्हणून खात्री धरू नकोस.

जर्मन खूण याहून कामाची वाटते मला. केबीए (तिथलं वाहन खातं) आणि पुढे पाच आकडे. तो आकडा ठराविक मॉडेलला ठराविक मंजुरीने मिळालेला असतो, त्यावरून बऱ्याच कंपन्यांच्या साईटवर मंजुरीचं कागद उघडतं आणि त्यात साईज, ऑफसेट, प्रत्येक चाकाला किती भार, सगळं लिहिलेलं असतं. चाकावरचे आकडे आणि कागदावरचे आकडे जुळले नाहीत तर विषय संपला. युरोपात बदली चाकांसाठी यूएन रेग्युलेशन १२४ पण आहे, गोलात ई आणि देशाचा आकडा.

तेलकट_बाही

एवढं सगळं करायच्या आधी वजन करा राव!! टीई३७ चं नावच त्यावरून पडलंय, १९९६ ला आलं तेव्हा १५ इंची ६जे (म्हणजे ६ इंच रुंद) साईजचं चाक ३.७ किलोचं होतं म्हणून ३७, टीई म्हणजे टुरिंग इव्होल्यूशन. हातात घेतल्यावर विश्वास बसत नाही इतकं हलकं लागतं ते. नकली बनवणारा फॉन्ट बरोबर आणेल, रंग बरोबर आणेल, पाठीवरचे आकडे सुद्धा आणेल एकवेळ, पण ओतीव धातूत ते वजन आणून चाक टिकवून दाखवणं त्याला जमत नाही. त्यामुळे वजनकाटा हा माझ्या मते सगळ्यात खरा साक्षीदार. फक्त टायर काढूनच तोला, वॉल्व्ह आणि बॅलन्सिंगची वजनं पण काढून. टायरसकट तोललं तर टायरच्या वजनाचा अंदाज धरावा लागतो, त्यात एखादा किलो सहज इकडेतिकडे होतो आणि मग वाद घालत बसा. आणि त्याच रुंदीच्या चाकाच्या आकड्याशीच ताडून बघा, ६जे चा आकडा ८जे ला लावून उपयोग नाही.

टायर काढायला लावायचा आणखी एक फायदा म्हणजे टायर जिथे बसतो ती आतली कड दिसते. काही चांगल्या चाकांना तिथे बारीक आडवे खाचे कोरलेले असतात, जोरात ब्रेक मारल्यावर रिमवर टायर सरकू नये म्हणून. नकलीवर असली बिनदिसणारी मेहनत कोण घेतंय.

रात्रपाळी

वरच्या सगळ्याशी सहमत पण एक भर घालतो. प्रत्येक नावाजलेलं चाक फोर्ज्डच असतं असं समजून बसू नका. एनकेई कंपनीचं आरपीएफ१ घ्या, प्रसिद्ध आहे, हलकं पण आहे, पण ते घडीव नाही, ओतून मग बॅरल फिरवत रोलरने दाबून पातळ आणि घट्ट केलेलं आहे, त्यांच्याकडे त्या पद्धतीला एमएटी म्हणतात, बाकीचे फ्लो फॉर्मिंग म्हणतात. तर कोणी फोर्ज्ड आरपीएफ१ म्हणून विकत असेल तर एकतर त्याला माल माहीत नाही नाहीतर तो फसवतोय. आणि उलट बाजूने, आरपीएफ१ च्या मध्यभागी ओतीवपणाच्या खुणा दिसल्या म्हणून ते नकली ठरत नाही. आधी ते मॉडेल मुळात कसं बनतं ते माहीत करून घ्यायचं, मग खुणा शोधायच्या.

साधी_गाडी

मला एक कळत नाही, डुप्लिकेट डुप्लिकेट काय लावलंय. कितीतरी लोक तशाच डिझाईनची चाकं वर्षानुवर्षं वापरतायत, काही होत नाही. प्रत्येकाला नावाचे पैसे मोजणं झेपतं का?

लोहारशाळा

ताई/दादा, प्रश्न रास्त आहे आणि इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एखादी कंपनी प्रसिद्ध चाकासारखं दिसणारं चाक स्वतःच्या नावाने काढते, पाठीवर स्वतःचं नाव, स्वतःचा भाराचा आकडा, चाचणीची खूण, ते झालं रेप्लिका. डिझाईन उचललं म्हणून कोणाला आवडणार नाही, ते वेगळं, पण ती कंपनी निदान आपल्या मालामागे उभी आहे. काही बिघडलं तर कोणाला विचारायचं हे ठाऊक असतं. अशी चाकं समजून उमजून घेतली तर माझी काही हरकत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याचं नाव कोरून विकलेलं चाक. तिथे बनवणाराच गायब आहे. धातू कुठला, हीट ट्रीटमेंट केलं की नाही, एकही चाक तपासलं का, कोणालाच माहीत नाही आणि कोणी विचारू पण शकत नाही. ज्याने नावच खोटं लिहिलं त्याने भाराचा आकडा खरा लिहिला असेल हे मी कुठल्या भरवशावर मानू? काही होत नाही म्हणता, सरळ सपाट रस्त्यावर नाहीच होत. खड्ड्यात कड आपटते तेव्हा चांगलं घडीव चाक वाकतं, हवा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. पोकळ्या असलेलं, नीट हीट ट्रीटमेंट न झालेलं ओतीव चाक वाकत नाही, ते तुटतं. माझ्या मित्राच्या गाडीचा एक स्पोक हबच्या जवळून तुटला होता, तुटलेल्या तोंडावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघड दिसत होती, आणि बाहेरून नाव होतं एका फार मोठ्या कंपनीचं. दुकानदाराने हात वर केले. वेग कमी होता म्हणून निभावलं. तेव्हापासून या विषयावर मी गप्प बसत नाही.

नियमावली

भाराचा आकडा निघालाच आहे तर सांगतो, हा प्रत्येकाने तपासायलाच पाहिजे, ओरिजिनल असो की रेप्लिका. गाडीच्या प्लेटवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला जास्तीत जास्त किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. त्याच्या निम्मं म्हणजे एका चाकाची किमान गरज. समजा ॲक्सलला ९०० किलो आहे तर चाकावर निदान ४५० हवं, थोडं जास्त असलं तर उत्तम. चाकावर हा आकडा किलोत किंवा पाउंडात असतो, पाउंडातला वाचून किलो समजू नका, खूप फरक पडतो. लहान गाडीसाठी बनलेलं हलकं रेसिंग चाक, अगदी अस्सल असलं तरी, मोठ्या जड एसयूव्हीला लावायचं नसतं.

वळणवाट

तीन तुकड्यांच्या चाकांबद्दल कोणी बोललं नाही अजून. बीबीएस कंपनीचं आरएस घ्या, १९८३ चं डिझाईन, मध्ये जाळीदार तुकडा आणि बॅरलचे दोन भाग, कडेने बोल्ट मारून जोडलेले. याच्या नकला बहुतेक एकसंध ओतीव असतात आणि बोल्ट नुसते शोभेला, चिकटवलेले किंवा थेट ओतलेलेच. नखाने उचकटून बघा, प्लॅस्टिकचा असला तर हलतो. खऱ्या चाकात बोल्टचं दुसरं टोक पलीकडे कुठेतरी दिसायलाच पाहिजे, आणि लिप (बाहेरची कड) व मधला भाग यांच्यात खरी फट दिसते, रंगवलेली रेघ नाही. मॉडेलचा नंबर पण असतो, आरएस आणि पुढे तीन आकडे, तो नंबर ठरलेल्या साईजचाच असतो, म्हणजे पुन्हा ताडून बघायला एक धागा मिळाला. पण जपून, तुकड्यांचं चाक उघडता येतं, त्यामुळे मधला भाग अस्सल आणि बॅरल भलत्याच कोणाचे असा जोड पण बाजारात फिरतो. बॅरल बदलणं गैर नाही, मोठी साईज करायला लोक मुद्दाम करतात, पण विकताना ते सांगितलं पाहिजे.

चौथा_गिअर

अपडेट देतो. मागचे फोटो मागितले तर आधी टाळाटाळ, मग म्हणाला येऊन बघा. गेलो. पाठीवर १५x६जे लिहिलंय, ऑफसेटचा आकडा रंगाखाली बुजलेला, भाराचा आकडा कुठेच नाही. टायरवाल्याकडे एक टायर उतरवून घेतला आणि तोललं, सहा किलोच्या वर भरलं. आणि लोहारशाळा, ते घड्याळ!! दोन स्पोकच्या मधे अगदी स्पष्ट होतं, बाण सकट. विकणाऱ्याला दाखवलं तर म्हणतो नवीन बॅचला असंच येतं. नमस्कार करून निघालो. त्याच्याकडे आणखी दोन सेट पडलेत, तेही त्याच नावाने.

तेलकट_बाही

सुटलात. ३.७ कुठे आणि सहा कुठे.

जाहिरात जिथे आहे तिथे रिपोर्ट करा, आणि जमलं तर मूळ कंपनीला फोटो पाठवा, बऱ्याच कंपन्या असल्या तक्रारी घेतात. दुसरा कोणी तरी घरच्या माणसांना बसवून त्याच चाकांवर निघेल हो.

चौथा_गिअर

दोन्ही केलं. आता दुसरा सेट बघतोय, याचं बिल आणि खोका दोन्ही आहे, पार्ट नंबर जुळतो, वजन पण जुळलं. फक्त रंग नवीन केलाय, पावडर कोटिंग (पावडरचा रंग भट्टीत पिकवतात ते). चालेल ना?

लोहारशाळा

इथे जरा थांब. चाक अस्सल आहे म्हणजे ते धडधाकट आहे असं नाही. ॲल्युमिनियमच्या चाकाला ताकद येते ती टी६ या हीट ट्रीटमेंटने, आधी खूप तापवून पाण्यात बुडवायचं आणि मग दीडशेच्या आसपास अंशांवर तासन्‌तास मुरवायचं. पावडर कोटिंगच्या भट्टीत तापमान त्याच्याही वर जातं, बऱ्याच पावडरी १८० ते २०० ला पिकतात. एकदा, थोडा वेळ, काटेकोर तापमानात केलं तर सहसा निभावतं, पण भट्टी जास्त तापली किंवा तीनतीनदा कोटिंग झालं तर धातू मऊ पडायला लागतो. म्हणून कोणी केलं, किती वेळा केलं, किती तापमानाला, हे विचार. उत्तर देता येत नसेल तर भाव काहीही असो, मी नाही घेणार.

दुसरं म्हणजे नवा रंग तडे आणि वेल्डिंग लपवतो. बॅरलच्या आतल्या कडेवर, बाहेरून न दिसणाऱ्या बाजूला, हात फिरवून बघ, वेल्ड घासून सपाट केला तरी तिथे हाताला किंचित उंचवटा लागतो. वेल्डच्या आजूबाजूचा धातू उष्णतेने मऊ पडलेला असतो, स्पोकवर वेल्ड असेल तर सरळ परत दे.

पाना_बारा

बॅलन्सिंग मशीनवर टायर न चढवता नुसतं चाक फिरवून बघ, दोन्ही कडा एका जागी उभ्या राहिल्या पाहिजेत, वरखाली किंवा डावीउजवीकडे लहरताना दिसल्या तर चाक वाकलंय. तड्याची शंका असेल तर डाय पेनेट्रंट नावाचा स्प्रे मिळतो, लाल रंग मारायचा, थोडं थांबून पुसायचा, मग वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असेल तर लाल रेघ बाहेर उमटते. फक्त त्यासाठी त्या जागेवरचा रंग काढावा लागतो, रंगावरून मारून काही दिसत नाही. विकणारा हब आणि स्पोकच्या सांध्याजवळ तेवढा रंग काढू देतो का विचार, नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच.

चौथा_गिअर

विचारतो. नट त्याच्याकडचेच घेऊ की नवीन?

पाना_बारा

आधी चाकाच्या भोकातली सीट (नट टेकतो ती जागा) बघ, ६० अंशांचा कोन आहे की गोल. गाडीचे कंपनीचे नट गोल सीटचे असतील आणि चाक कोनाचं असेल तर ते घट्ट झाल्यासारखे वाटतात पण टेकतात फक्त एका बारीक रेघेवर, आणि मग सैल होतात. चाकाच्या सीटला जुळणारे नवीनच घे. सेंटर बोअर (चाकाच्या मधलं भोक) पण मोज, चाकाचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची हब रिंग लागेल, नाहीतर हायवेला स्टीअरिंग थरथरेल आणि तू चाकालाच नकली म्हणत बसशील. टॉर्क रेंचने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळ आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपास.